कर्व्ह करून पाठवा, पण त्याआधी

नाशिकच्या छपाईला हंगाम असतात. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका, जानेवारीपासून द्राक्षांच्या पेट्या आणि लेबलं, सिंहस्थ आला की हँडबिलं, नकाशे, फलक. काम कुठलंही असो, प्रेसवरून निरोप एकच येतो: "कर्व्ह करून पीडीएफ पाठवा." हा निरोप अर्धा आहे. कर्व्ह करणं म्हणजे अक्षराचं फाँटशी नातं तोडून त्याचा नुसता आकार बनवणं. त्यानं अक्षर गोठतं, पण दुरुस्त होत नाही. वेलांटी चुकीच्या जागी असेल तर ती तशीच आकार बनून छपाईच्या प्लेटवर जाते. फाँटच उरलेला नसतो, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर तिच्याबद्दल तक्रार करत नाही.

म्हणून आधी बघायचं ते कर्व्हच्या अलीकडचं.

श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. जे दिसेल ते कर्व्ह करून टाकण्याची सवय आपल्याकडे रुजली ती यामुळेच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीत, ही खिचडी होत नाही, पण तिथली दुखणी वेगळी. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर पेस्ट केला आणि वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरांचे तुकडे होऊन मध्ये हलन्त दिसू लागले, तर फाँटला दोष देऊ नका. कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळ लावणारा सॉफ्टवेअरचा भाग, चुकीचा आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. पानं मांडण्याच्या इनडिझाइनमध्ये त्याचं नाव वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉमध्ये, एक्स६ या २०१२ च्या आवृत्तीपासून देवनागरीची जुळणी नीट होते. त्याआधीच्या कोरलवर युनिकोड मराठी चालवण्याचा हट्ट करण्यात अर्थ नाही, तिथे श्रीलिपीच बरी.

कंपोझर बरोबर लागला की कॅरेक्टर पॅनेलमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. बऱ्याच चांगल्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे साठवलेले असतात आणि भाषा मराठी ठेवली तरच ते बाहेर येतात. नाहीतर हिंदी वळणाचे ल-श येतात. चूक म्हणावी असं त्यात काही नाही, पण पत्रिका हातात घेतलेल्या आजोबांना काहीतरी खटकतं आणि नेमकं काय ते सांगता येत नाही.

दोन अक्षरं मात्र प्रत्येक कामात डोळ्यांत तेल घालून बघायची. पहिलं ऱ्य. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक आहे, आणि जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर फिरवताना कन्व्हर्टर नेमका इथेच घसरतो. दुसरं ॲ. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी बनलेल्या फाँटमध्ये हे अक्षर नसतं. मग तिथे रिकामा चौकोन येतो, किंवा दुसऱ्याच फाँटमधला ॲ घुसतो, तोही जाडीला वेगळा. पत्रिकेत एखादे तरी 'ॲड.' असतातच, आणि नेमकं त्यांचंच नाव बिघडतं. तो चौकोनही कर्व्ह होतो बरं का. कर्व्ह झाल्यावर तो एक साधा आयत असतो, आणि पीडीएफ तपासणारं सॉफ्टवेअर त्याला नक्षी समजून पुढे जाऊ देतं.

मजकुराची वाचणी कर्व्हच्या आधी संपली पाहिजे. एका कामाच्या दोन फायली ठेवा, एक मजकूर जिवंत असलेली, एक कर्व्ह केलेली. दुसरी पहिलीवर सेव्ह झाली की तिथी बदलायला सांगणाऱ्या फोनवर फक्त सॉरी म्हणता येतं.

आता कर्व्ह. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट-कंट्रोल-ओ. सगळं सिलेक्ट करून हे दाबलं म्हणजे सगळं कर्व्ह झालं, हा सर्वांत महागात पडणारा समज. कोरलच्या पॉवरक्लिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या चौकटीच्या आत, ठेवलेला मजकूर कंट्रोल-ए मध्ये येत नाही, सिलेक्ट होते ती फक्त बाहेरची चौकट. इलस्ट्रेटरमध्ये लॉक केलेला लेअर, लपवलेला लेअर आणि सिम्बॉलच्या आतला मजकूर असाच निसटतो. खात्री करायची जागा पीडीएफमध्ये आहे: अॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल-डी दाबून फाँट्स हा टॅब उघडा. पूर्ण कर्व्ह केलेल्या फायलीत ती यादी कोरी असते. तिथे एक जरी नाव दिसलं तरी परत मूळ फायलीत जा.

देवनागरीची खास गोची पुढे आहे. 'श्री गणेशाय नमः' ही ओळ घ्या. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ पुढच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. काना, मात्रा, वेलांटीही मुख्य अक्षरावर थोड्या चढलेल्या असतात. मजकूर जिवंत असतो तोवर हे कळत नाही. कर्व्ह करून सगळं कंबाइन केलं, म्हणजे कंट्रोल-एल दाबलं, की कोरल एकमेकांवर चढलेल्या भागाला भोक समजतं. नियम साधा आहे: एखादी जागा एकदा झाकली तर रंग, दोनदा झाकली तर रिकामी. मग दर दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेवर केसाएवढी पांढरी फट पडते, आणि श्रीच्या वेलांटीच्या बुडाशी एक छोटा पांढरा त्रिकोण उमटतो. स्क्रीनवर पूर्ण पान दिसत असताना तो नजरेत येत नाही. मॅरून कार्डावर सोनेरी छापल्यावर मात्र पहिला तोच दिसतो.

यावर घाईत केला जाणारा उपाय म्हणजे ब्रेक अपार्ट. त्यानं फटी जातात खऱ्या, पण व, ब, क यांच्या पोटातल्या मोकळ्या जागाही सुट्या होऊन भरीव होतात. उपाय आहे तो वेल्ड. शेपिंगच्या डॉकरमधून वेल्ड केलं की एकमेकांवर चढलेले आकार खरोखर एक होतात आणि पोटातल्या जागा मोकळ्या राहतात. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम पाथफाइंडरमधलं युनाइट करतं. शीर्षकाला पांढरी किनार किंवा ट्रान्सपरन्सी द्यायची असेल तर वेल्ड टाळताच येत नाही. प्रत्येक अक्षर सुटं असताना किनार दिली तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते, आणि ५० टक्के पारदर्शक केलं तर प्रत्येक सांधा गडद ठिपक्यासारखा उठतो.

मग सगळंच कर्व्ह करायचं का? नाही. शीर्षक, लोगो, पत्रिका, लेबल, एका पानाचं काम असेल तर करा. ६४ पानी स्मरणिकेचा १० पॉइंटचा मजकूर कर्व्ह करण्यात मात्र फायदा नाही. फाईल फुगते आणि शेवटच्या क्षणी एक अक्षर बदलता येत नाही. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर काढलेल्या प्रूफमध्ये अक्षर किंचित जाडही दिसतं, कारण कमी रिझोल्युशनवर अक्षर सावरणाऱ्या फाँटमधल्या सूचना कर्व्ह होताना नाहीशा होतात. अशा कामात फाँट पीडीएफमध्ये एम्बेड करा, म्हणजे फायलीतच भरून पाठवा. छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफ/एक्स जातीच्या फायलीत एम्बेडिंग सक्तीचंच असतं. अडचण येते ती ज्या फाँटच्या परवान्यात एम्बेडिंगला मनाई असते त्यांची. तेवढेच फाँट कर्व्ह करा. इनडिझाइनवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तिथे क्रिएट आउटलाइन्स केलं की अधोरेखन, बुलेट आणि आपोआप पडणारे क्रमांक गायब होतात. कार्यक्रमपत्रिकेतले १, २, ३ उडाल्याचं बाइंडिंग झाल्यावर कळतं.

रेघांकडे लोक कमी बघतात, आणि छपाईत बिघडतात त्याच जास्त. जाडीच्या जागी 'हेअरलाइन' कधीही ठेवू नका, आकडा लिहा. पीडीएफमध्ये शून्य जाडीची रेघ म्हणजे त्या यंत्राला काढता येईल ती सर्वांत बारीक रेघ. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके काढणाऱ्या, लेझर प्रिंटरवर ती ०.०४ मिमीची असते, म्हणून प्रूफमध्ये दिसते. २४०० डीपीआयच्या प्लेटवर ती ०.०१ मिमीची होते आणि छपाईत नाहीशी होते. ऑफसेट छपाईला किमान ०.२५ पॉइंट, म्हणजे साधारण ०.०९ मिमी, आणि तीही एकाच शाईच्या १०० टक्क्यांत. तीच रेघ ५० टक्के करड्या रंगात दिली की ती रेघ राहत नाही. फिका रंग छपाईत ठिपक्यांच्या जाळीनं, म्हणजे स्क्रीननं, उमटतो आणि इंचाला १७५ ओळींच्या जाळीत एका ठिपक्याची जागा ०.१४५ मिमी असते. रेघ त्याहून बारीक, त्यामुळे ती तुटक ठिपक्यांची माळ होते. रंगीत पट्टीवर पांढरी रेघ सोडायची असेल तर ०.५ पॉइंटच्या खाली जाऊ नका, शाई दोन्ही बाजूंनी पसरून ती बुजवते.

नाशिकमध्ये बारीक रेघेचा विषय निघाला की कोणीतरी नोटेकडे बोट दाखवतंच. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तेव्हा शहराला तो हक्क आहेच. पण नोटेवर बोटाला लागणारी ती उठावदार रेघ इंटॅग्लिओची, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून मोठ्या दाबाखाली उचललेल्या शाईची. चार कलर ऑफसेटकडून तिची अपेक्षा धरायची नाही.

कोरलमध्ये आउटलाइन पेनच्या चौकटीत 'स्केल विथ ऑब्जेक्ट' आणि इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' बंद राहिलं असेल, तर ए४ वर बनवलेला लोगो व्हिजिटिंग कार्डावर लहान करताना किनार तेवढीच जाड राहते आणि अक्षर गिळून टाकते. उलट बॅनरसाठी मोठा केला की किनार दिसेनाशी होते. काम पक्कं झालं की किनारीचा आकारच करून टाका: कोरलमध्ये शिफ्ट-कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये ऑब्जेक्ट, पाथ, आउटलाइन स्ट्रोक. त्याआधी कोपरे बघा. टोकदार, म्हणजे माइटर, कोपरे ठेवले तर देवनागरीच्या निमुळत्या टोकांवर काटे उगवतात. उकाराच्या शेपटीला आणि र च्या पायाला ते हमखास येतात. गोल कोपरे निवडले की काटे जातात.

फाँटला बोल्ड नसताना किनार देऊन अक्षर जाड करण्याची युक्ती सगळेच वापरतात. मोठ्या शीर्षकाला चालते. १० पॉइंटला केली तर ष आणि ण च्या आतली जागा भरते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. मराठीला इंग्रजीपेक्षा मुळातच थोडा मोठा पॉइंट लागतो, कारण वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, सगळं त्याच उंचीत मावायचं असतं. इंग्रजी ६ पॉइंटला वाचता येतं. मराठीला ७ च्या खाली उतरू नये, आणि काळ्या पट्टीवर पांढरं असेल तर ८, तेही जाड वजनात.

काळा रंग हा वेगळाच विषय. बारीक मजकूर फक्त के १००, म्हणजे शंभर टक्के काळी शाई: निळी शून्य, मॅजेंटा शून्य, पिवळी शून्य. वर्डमधून किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या फायलीतून उचललेला काळा आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा, असतो. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळी, मॅजेंटा, पिवळी, काळी या शायांत, येताना त्याच्या चार शाया होतात आणि चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत की अक्षराला रंगीत सावली येते. जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट हवेत ओलावा धरतो, किंचित वाढतो, आणि रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, हलण्याचं प्रमाण तेव्हा वाढतं. मोठी काळी पट्टी असेल तर मात्र नुसता के १०० करडा, फिका दिसतो. तिथे निळी ६०, मॅजेंटा ४०, पिवळी ४०, काळी १०० घ्या. बेरीज २४० होते, आर्ट पेपरलाही सोसते आणि न्यूजप्रिंटलाही. चारही शाया १०० असलेला 'रजिस्ट्रेशन' नावाचा रंग फक्त कटिंगच्या खुणांसाठी असतो. तो चुकून मजकुराला लागला तर ४०० टक्के शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीवर छाप उठते.

के १०० चा मजकूर रंगीत जमिनीवर असेल तर त्याला ओव्हरप्रिंट द्या, म्हणजे काळं खालच्या रंगावरच छापलं जाईल. नाहीतर खालच्या रंगात अक्षराच्या आकाराचं भोक पाडून त्यात काळं बसवलं जातं, आणि रजिस्टर जरा हललं की अक्षराच्या कडेनं कागद डोकावतो. इलस्ट्रेटरमध्ये एडिट कलर्समध्ये ओव्हरप्रिंट ब्लॅक आहे. इनडिझाइन काळ्या स्वॉचला ते आपणहून लावतं. कोरलमध्ये ऑब्जेक्टवर राइट क्लिक करून ओव्हरप्रिंट फिल. याचीच उलटी बाजू घातक: ओव्हरप्रिंट लावलेला काळा मजकूर नंतर कोणी पांढरा केला आणि ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. पांढऱ्याला शाई नसते, वर चढवायला काहीच नाही, म्हणून प्लेटवर तो मजकूर येतच नाही. स्क्रीनवर सगळं छान दिसतं.

मॅरून मजकुराबद्दल एक. पत्रिकेचा मॅरून चार टिंटांचा, म्हणजे चारही शायांच्या फिक्या छटांचा, बनवला तर ८ पॉइंटच्या अक्षराच्या कडा करवतीसारख्या येतात, कारण प्रत्येक शाई ठिपक्यांत फुटते. मॅजेंटा १०० ठेवा, पिवळीही १०० च्या आसपास, आणि गडदपणा काळ्यानं आणा. एक शाई तरी भरीव असली की कड सरळ येते.

द्राक्षांच्या पेट्या आणि बाटल्यांची लेबलं यांत आणखी दोन गोष्टी वाढतात. डायकटची, म्हणजे साच्यानं कापण्याची, रेघ स्वतंत्र स्पॉट कलरमध्ये (चार शायांपेक्षा वेगळा, नाव दिलेला रंग), स्वतंत्र लेअरवर आणि ओव्हरप्रिंट लावून ठेवा. सीएमवायकेतली लाल रेघ ठेवली तर ती पेटीवर छापून येते. सोनेरी फॉइलचंही तसंच: स्पॉट कलर, १०० टक्के, ग्रेडियंट नाही, सावली नाही. बारकोड जेपीजीमध्ये घेऊच नका. वेक्टरमध्ये, के १००, पांढऱ्या जमिनीवर घ्या. लाल बार स्कॅनरच्या लाल प्रकाशात दिसत नाहीत. ईएएन-१३ चा मूळ आकार ३७.२९ गुणिले २५.९३ मिमी, आणि त्यात डावीकडे ११, उजवीकडे ७ मॉड्यूलची, म्हणजे सर्वांत बारीक बारच्या तेवढ्या पट, मोकळी जागा धरलेली आहे. ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही. जागा वाचवण्यासाठी ती मोकळी जागा खाल्ली की कोड देखणा छापतो आणि काउंटरवर वाचत नाही. क्यूआर कोडला चारही बाजूंनी ४ मॉड्यूल, म्हणजे त्याच्या चार लहान चौकोनांएवढे, मोकळे लागतात. त्याचे चौकोन सुटे असतील तर तेही युनाइट करून घ्या.

एक्सपोर्टचं आता थोडक्यात. ब्लीड, म्हणजे कटिंगच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग, ३ मिमी, मजकूर कटिंगच्या रेघेपासून ५ मिमी आत. प्रेसची यंत्रणा जुनी असेल तर पीडीएफ/एक्स-१ए:२००१. त्यात सगळं सीएमवायके आणि स्पॉट, ट्रान्सपरन्सी सपाट केलेली, म्हणजे पारदर्शक आकार साध्या आकारांत मोडलेले. नवी असेल तर एक्स-४, ट्रान्सपरन्सी जिवंत राहते आणि प्रेसवाले ती आपल्या रिझोल्युशनला उतरवतात. कुठली हवी ते फोन करून विचारा, अंदाज बांधू नका. एक्स-१ए करताना काळा मजकूर सगळ्या सावल्या आणि पारदर्शक आकारांच्या वरच्या लेअरवर आणा. खाली राहिला तर सपाट होताना त्याचे तुकडे पडतात, काही तुकड्यांचा बिटमॅप होतो आणि एकाच ओळीतली अक्षरं जाड-बारीक दिसतात.

इलस्ट्रेटरच्या मार्क्स अँड ब्लीड्स या पानावर खुणांचा ऑफसेट, म्हणजे कटिंगच्या रेघेपासूनचं अंतर, मुळात ६ पॉइंट, म्हणजे २.११७ मिमी असतो. ब्लीड ३ मिमी. म्हणजे कटिंगच्या खुणा ब्लीडमध्ये शिरतात, आणि कटिंग जरा हललं की कार्डाच्या कोपऱ्यावर काळी टोकं उरतात. आकडा ३ मिमी किंवा जास्त करा. कोरलमध्ये पब्लिश टू पीडीएफच्या सेटिंग्जमध्ये ऑब्जेक्ट्स या टॅबवर 'एक्सपोर्ट ऑल टेक्स्ट अॅज कर्व्ह्ज' आहे. पॉवरक्लिपमध्ये निसटलेला मजकूरही त्यात पकडला जातो, आणि मूळ फाईल जिवंत राहते. प्रीप्रेस टॅबवर ब्लीड लिमिट आणि खुणा. कलर टॅबवर 'प्रिझर्व्ह ओव्हरप्रिंट्स'ला टिक नसेल तर मघाची सगळी मेहनत पाण्यात.

पीडीएफ तयार झाल्यावर ती ज्यातून काढली त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासू नका. अॅक्रोबॅट प्रोमध्ये प्रिंट प्रॉडक्शनखाली आउटपुट प्रीव्ह्यू उघडा आणि काळ्या शाईची टिक काढा. बारीक मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. धूसर, रंगीत अक्षरं मागे उरली तर काळा चार शायांचा आहे. रंगीत जमिनीवर अक्षरांच्या आकाराची पांढरी भोकं दिसली तर ओव्हरप्रिंट लागलेलं नाही. नुसती सपाट जमीन दिसली तर काम बरोबर आहे. मग टिक परत लावून ओव्हरप्रिंट सिम्युलेशन चालू करा, पांढरा मजकूर जागेवर आहे ना बघा.

सपाट केलेल्या फायलीत बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर लगेच घाबरू नका. १६०० टक्क्यांपर्यंत झूम करा. रेघ तेवढीच बारीक राहिली तर ती स्क्रीनच्या गुळगुळीतपणाची करामत आहे. प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली 'स्मूद लाइन आर्ट' बंद केलं की ती जाते. झूमबरोबर रेघ जाड होत गेली तर फट खरी आहे आणि वेल्ड राहिलेलं आहे.

ग्राहकाची मंजुरी याच पीडीएफच्या छापील प्रतीवर, तारखेसह सहीनिशी घ्या. मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर नको. प्रेसला व्हॉट्सअॅपनं पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, आणि फायलीच्या नावात तारीख व आवृत्ती लिहा. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन खरं' या तिघींतली कुठली लावायची हे प्लेट काढणाऱ्या ऑपरेटरला रात्री अकरा वाजता कळत नाही.